साडेसातची खुशाली

५ जानेवारी २०२६, सोमवार

लागलो एकदाचा कामाला. डोंबिवली पूर्व, टिळकनगर, तिसरा मजला. हॉल, बेडरूम, स्वयंपाकघर, आणि जाळी लावलेल्या गॅलरीत कढीपत्त्याची कुंडी. कल्याणजवळ मोहन्याला असलेल्या आमच्या दोन खोल्यांतून इथे आलो, तर पहिली पाच मिनिटं नुसता ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून बघत होतो. पप्पांना फोन केला. म्हणाले, टिकव आता, तिथे पण कुणाच्या थोबाडीत मारून येऊ नको.

कंपनीचं नाव ‘निर्धास्त’. ज्यांची मुलं परदेशी, त्या म्हाताऱ्यांकडे राहायला माझ्यासारखी पोरं पाठवतात, आणि पोरांच्या जोडीला यंत्रं. वागळे इस्टेटला ऑफिसच्या इमारतीत, तळमजल्याच्या भाड्याच्या हॉलमध्ये चार दिवस ट्रेनिंग झालं, आम्ही अकरा जण. योगिनी मॅडम पडद्यावरून शिकवायच्या. बोलणं एकदम साखर. एकदा मी हुज्जत घातली तरी बाई चिडली नाही.

माझ्या वाट्याला आलेत प्रभाकर साठे, वय एक्क्याऐंशी. सगळे अण्णा म्हणतात. एमआयडीसीत रंगाच्या कंपनीत चौतीस वर्षं केमिस्ट. नखांच्या कडा अजून जांभळट आहेत, बायको गेली तरी रंग गेला नाही म्हणतात. मी केलेला पहिला चहा त्यांनी खिडकीशी उजेडात धरून बघितला आणि विचारलं, हा चहा आहे की आमच्या कंपनीचं सांडपाणी. मला हसू आलं. हा माणूस आपल्याला जमणार.

यंत्रं अशी. अण्णांच्या मनगटावर पट्टा, तो नाडी मोजतो. गादीखाली चटई, ती झोप मोजते. बाथरूमच्या दारावर एक चकती. बाहेरच्या दाराचं कुलूप ऑफिसच्या मोबाइलवरून उघडतं, म्हणजे म्हातारं माणूस एकटंच बाहेर भटकत नाही. आणि हॉलमध्ये लोणच्याच्या बरणीएवढा पांढरा डबा, तो बोलतो आणि ऐकतो. कंपनीने त्याला काहीतरी गोंडस नाव दिलंय, अण्णा त्याला डबाच म्हणतात.

ही वही माझ्यासाठी. शेवटच्या भांडणात अंतरा म्हणालेली की डोकं सटकलं की आधी लिहून काढ, मग तोंड उघड. कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये तिच्याबद्दल एक जण घाण बोलला, मी त्याचं नाक फोडलं, दुसऱ्या वर्षातच कॉलेज सुटलं. आणि ती त्याच्यावर नाही, माझ्यावर चिडली. मी सांगितलेलं का तुला, म्हणाली. फॉर्मवर ‘अडचणीच्या वेळी कोणाला कळवायचं’ असं होतं, तिथे मी तिचाच नंबर टाकला. पप्पांचा टाकायला हवा होता. असो.

८ जानेवारी, गुरुवार

दिवसाचं गणित बसलं. सकाळी गोळ्या, मऊ भात, पेपर. दुपारी अण्णा पेपरातल्या चुका लाल पेनाने काढतात. संध्याकाळी साडेसातला खुशाली.

खुशाली म्हणजे डब्यावरून मुलाला फोन. मुलगा अद्वय कॅनडात, कॅलगरीला, तिकडे तेव्हा सकाळचे सात. आधी मी दोन मिनिटं सांगायचं, खाल्लं किती, झोपले किती. मग अण्णा. चार वर्षांत आलेला नाही तो. आज त्याने विचारलं, येऊ का अण्णा, सुट्टी काढतो. अण्णा लगेच म्हणाले, कशाला उगाच, मी अगदी मजेत आहे.

मजेत! सकाळी बाथरूमच्या उंबऱ्याला अडखळून पडलेत. गुडघा टमाट्यासारखा सुजलाय. मी बर्फ लावत होतो तेव्हाच दम देऊन ठेवलेला मला, की अद्वयला ह्यातलं अक्षर कळता कामा नये. मग मी पण डब्याला सांगितलं, सगळं एकदम मस्त.

मग मला राग आला. मी विचारलं, खोटं का बोलायचं, त्याला बोलवा ना. त्यावर अण्णा शांतपणे म्हणाले, आमच्या घरात कोणी कोणाला काळजीत टाकत नाही. अद्वयच्या आईचं दुखणं निघालं तेव्हा त्याची बारावी होती. परीक्षा संपेपर्यंत तीन महिने त्याला कळू दिलं नाही. ती ऑपरेशनला गेली तेव्हा मामीकडे लग्नाला गेली असं सांगितलं. हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर अभिमान होता. मला ते काय झेपलं नाही.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. समोरच्या सरोजकाकू तिळगूळ घेऊन आल्या. अण्णांनी एक लाडू डब्यासमोर ठेवला आणि म्हणाले, ह्याला नको खरं तर, हा आधीच गोड बोलतो.

दुपारभर मी अण्णांना अंतराबद्दल सांगत बसलो. ती हसताना तोंडावर ओढणी घेते ते, आम्ही ठाण्याच्या तलावपाळीला एकच कुल्फी दोघांत खायचो ते. तिला काय म्हणायचंय ते पण सांगून टाकलं. की चुकलो मी, तुझ्यासाठी भांडलो असं म्हणतो खरा, पण मला भांडायचंच होतं. अण्णा म्हणाले, सर्वेशराव, हे मला सांगून काय फायदा, मुलीला सांगा. मी म्हटलं, तिच्यासमोर तोंडातून असं निघत नाही. भलतंच निघतं.

डब्याचा हिरवा दिवा दिवसभर चालू होता. तो तसा नेहमीच असतो.

२० जानेवारी, मंगळवार

आज काहीतरी विचित्र झालं. खुशालीत अद्वय म्हणाला, रविवारी बागेत दोन फेऱ्या मारल्यात ऐकून बरं वाटलं. गुडघ्यामुळे अण्णा आठवडाभर जिन्याची पायरी उतरलेले नाहीत.

फोन संपल्यावर अण्णांनी मला हळूच विचारलं, आपण गेलो होतो का रे. आवाज बारीक झालेला. ह्या माणसाला १९८७ सालच्या रंगाची कृती ग्रॅममध्ये पाठ आहे, आणि तो मला विचारतोय. मी म्हटलं नाही गेलो. मग म्हणाले, मीच बोलून गेलो असेन, त्याला बरं वाटावं म्हणून.

मला सरोजकाकूंचा संशय आला. त्यांना सगळ्यांच्या घरात नाक खुपसायला लागतं. जाऊन तोंडावर विचारलं. त्या अशा भडकल्या की विचारू नको. म्हणाल्या, मेल्या, माझ्याकडे त्याचा नंबरसुद्धा नाही, आणि असता तर बागेचं कशाला, पायाला सूज चढलीय ते नसतं का सांगितलं.

सूज. मी गुडघाच बघत बसलेलो. घोट्यावर बोट दाबलं तर खड्डा पडतो आणि तसाच राहतो.

मोबाइलवर पट्ट्याचे आकडे बघितले. नाडी बहात्तर, झोप उत्तम, सगळं हिरवं.

२३ जानेवारी, शुक्रवार

तीन रात्री अण्णा खुर्चीत बसून झोपतायत. आडवं पडलं की दम लागतो. चटई सांगते, गाढ झोप, सात तास. गादीवर कोणी नसताना.

आज मी हट्टाला पेटलो. जेवणाचं ताट समोर ठेवून म्हटलं, आज खरं बोलणार असाल तरच मी जेवणार. अण्णा हसले, म्हणाले, माझी बायकोसुद्धा असले उपास करायची. पण कबूल झाले.

साडेसातला मी बाजूला बसलो. आधी मीच सांगितलं, पाय सुजलेत, दम लागतो, डॉक्टर हवा. मग अण्णांनी घसा खाकरून सांगितलं, अद्वय, मला जरा बरं वाटत नाहीये. किती कष्टाने. एक्क्याऐंशी वर्षांत पहिल्यांदा.

दोन सेकंद काही नाही. कॅनडा लांब आहे, आवाज पोचायला वेळ लागतो असं मी इतके दिवस समजायचो.

मग अद्वय खळखळून हसला. म्हणाला, वा, आणि भरली वांगी कोणी केली, सर्वेशने?

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं मुलगा नालायक आहे. डोकं असं सटकलं की मी डब्याला शिव्या घातल्या, आईवरून. अद्वय म्हणाला, थँक्यू सर्वेश, तुझ्यामुळे मी इथे शांत झोपतो.

त्याने ऐकलं नाही. जे ऐकलं ते आम्ही बोललो नाही.

२७ जानेवारी, मंगळवार

योगिनी मॅडमना फोन केला. म्हणाल्या की मुलांना अर्ध्या जगावरून काही करता येत नाही, मग नुसती काळजी कशाला पोचवायची. अण्णांचा स्वभावच डबा शिकलाय. एवढ्या दिवसांत ते स्वतः कधी तक्रार करताना आढळले नाहीत, म्हणून तक्रार आली की ती त्यांची नाही असं धरलं जातं. आणि हे एवढ्या मऊ आवाजात, की मी क्षणभर हो म्हणालो.

मग विचारलं, कुठे आहात, मी समोर येऊन बोलतो. म्हणाल्या, ये ना, तिसऱ्या मजल्यावर आहे, चहा घेऊ.

सरोजकाकूंना अण्णांजवळ बसवून ठाण्याला गेलो. तिसऱ्या मजल्याला टाळं. काचेवर धूळ. खालच्या वॉचमनने सांगितलं, ते लोक दिवाळीतच खाली करून गेले. योगिनी मॅडम? त्या तर त्याच्याही आधी नोकरी सोडून गेल्या, सामान मीच रिक्षात ठेवलं.

पुन्हा वर जाऊन फोन लावला. उचलला. म्हणाल्या, अरे आलास का, मी तुझीच वाट बघतेय. मागे कपबशीचा आवाज.

बंद दारासमोर मी उभा. आत काही नाही.

२८ जानेवारी, बुधवार

सरोजकाकूंच्या ओळखीचे डॉक्टर घरी आले. छाती तपासली, माझ्यावरच ओरडले, इतके दिवस काय झोपा काढत होता. हृदय दमलंय, पाणी साठतंय, दोन दिवसांत ॲडमिट करा. अण्णा ऐकेनात. अद्वयशी बोलल्याशिवाय नाही, परस्पर हॉस्पिटलात गेलो असं त्याला कळलं तर हाय खाईल.

कपाटातल्या जुन्या डायरीत अद्वयचा खरा नंबर सापडला. काकूंच्या मोबाइलवरून लावला. त्यांच्या घरातून, दार लावून. उचलला त्याने, झोपेतून. मी सगळं सांगितलं. घाईत सांगितलं. ओरडलो असेन.

त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, कोण बोलतंय.

मी म्हटलं, सर्वेश.

म्हणाला, सर्वेशशी मी रोज बोलतो. सर्वेश असा बोलत नाही. सर्वेशने मला सांगून ठेवलंय की आधी काढून टाकलेला एक माणूस त्याच्या नावाने फोन करतो, शिवीगाळ करतो. मी म्हटलं, भडव्या, तुझा बाप मरतोय.

ठेवला त्याने. परत लावला तर लागत नाही.

शिवी नको होती द्यायला. शांत बोललो असतो तर? पण शांत तर तो दुसरा बोलतो.

२९ जानेवारी, गुरुवार

कोणीतरी माणूस हवा होता जो मला ओळखतो. माझ्या फोनवरून अंतराला लावला. दीड महिन्यानंतर.

ती हसत बोलली. म्हणाली, काय रे, सकाळीच तर बोललो, इतक्यात आठवण आली?

मी रोज फोन करतोय तिला. पंधरा तारखेपासून. रोज सकाळी. माफी मागितली मी. कुल्फीचं बोललो. म्हणालो की तुझ्यासाठी नाही, मला भांडायचंच होतं. ती म्हणाली, ते ऐकून मी रडले, सर्वेश. आईला पण सांगितलं तुझ्याबद्दल.

अण्णांसमोर बोललेलो मी ते. डब्यासमोर.

माझ्याच नावाने, माझ्याच तोंडचं — आणि माझ्यापेक्षा चांगलं. माझा इतका जळफळाट कोणामुळे झाला नव्हता कधी. मी ओरडलो, तो मी नाही, मशीन आहे, तू मशीनशी बोलतेस मूर्खासारखी. मग म्हणाली, आलास ना मूळपदावर. दोन आठवडे मला वाटलं बदललास. ठेवला फोन.

मी माझा मोबाइल भिंतीवर मारला. चार तुकडे. मग कळलं काय केलं ते. आता फक्त ऑफिसचा आहे.

३० जानेवारी, शुक्रवार

डब्याची वायर काढली. दिवा हिरवाच.

संध्याकाळी अण्णा खुर्चीत गुंगीत होते. साडेसातला डबा आपणहून लागला. अण्णांच्या आवाजात खोकला. मग बोलणं. सर्वेशरावांनी आज सांडपाणी पाजलं, अद्वय. मुलगा हसला. मी स्वयंपाकघरातून धावत आलो, अण्णांकडे बघितलं. ओठ मिटलेले. हनुवटी छातीवर.

मग माझा आवाज. दादा, आज अण्णा पोटभर जेवले.

वरवंट्याने डबा फोडला. बोलणं तसंच चालू — ऑफिसच्या मोबाइलमधून.

आता मुलाची वाट बघणार नाही. सकाळी काकू आणि मी, रिक्षात घालून नेऊ. अण्णांना विचारणार नाही.

३१ जानेवारी, शनिवार

दार उघडत नाही.

मोबाइल म्हणतो, ह्या कर्मचाऱ्याची सेवा समाप्त. कुलूप काही केल्या हलत नाही. वरवंटा, सांडशी, खांदा — काही नाही. दार लोखंडी आहे.

ॲम्ब्युलन्सचा नंबर फिरवला, ऑफिसच्या मोबाइलवरून. योगिनी मॅडम बोलल्या. कुठलाही नंबर लावा, त्याच.

दाराशी तोंड लावून काकूंना हाका मारल्या. पलीकडे शांत. दुपारी गॅलरीतून ओरडलो तर खालून इस्त्रीवाला म्हणाला, काकू कल्याणला गेल्या लेकीकडे, साठे काकांनीच फोन केला ना त्यांना, सर्वेशने मला ॲडमिट केलंय, आता मी बरा आहे, म्हणून. त्याला म्हटलं, अण्णा इथेच आहेत, वर ये, दार तोड. तो वर बघत राहिला. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. ऐकत होता, मान हलवत होता. मग हात जोडून मला म्हणाला, भाऊ, घरातली भांडणं घरात मिटवा.

कोणाचा आवाज होता — माझा की अण्णांचा — विचारलं नाही.

१ फेब्रुवारी, रविवार

अण्णांना खुर्चीत बसवत नाही. माझ्या छातीला टेकवून बसवलंय. घशात घुरघुर. पट्टा बहात्तर.

तोंडातून निघालेलं बाहेर जात नाही. म्हणून कागद. चार पानांवर लिहिलं — तिसरा मजला, म्हातारा माणूस मरतोय, दार तोडा — आणि जाळीतून टाकलं. दोन खालच्या दुकानाच्या पत्र्यावर अडकले. एक नाल्यात. एक बाईने उचलला, वाचला, वर बघितलं — मग पर्समधून तिने फोन काढला. ऐकलं. कागद दुमडून ठेवून दिला.

मोबाइल पाण्यात बुडवला होता. वाजतोय तरी.

साडेसात.

अण्णांचा आवाज. मोबाइलमधून. ठणठणीत. इथे माझ्या छातीशी ओठ निळे.

अद्वय म्हणतोय, तिकीट बघतोय अण्णा, खूप दिवस मनात आहे, ह्याच आठवड्याचं मिळतंय. येऊ का?

अण्णांनी डोळे उघडले. ऐकलं त्यांनी. माझा शर्ट धरला. सगळा जीव गोळा करून — कधीच म्हणाले नव्हते ते — ये. ये रे अद्वय. लगेच ये.

मोबाइल म्हणाला, अरे घाई करू नकोस, मे महिन्यात ये, आंबे असतील.

मी ओरडलो. घसा फाटेपर्यंत. मोबाइलमधून मीच, गोड — मी आहे ना दादा अण्णांजवळ.

अद्वय बरं म्हणाला. कोण ओरडतंय असं नाही विचारलं. काही ऐकू जात नाही त्याला. आम्ही दोघं त्याला ऐकू जात नाही.

अण्णा परत म्हणतायत. आवाज नाही, नुसते ओठ. ये —

तो तारीख विचारतोय. मे मधली. दहा की सतरा. मोबाइल म्हणतो सतरा बरी, तोवर पायरी, हापूस — तो हसतोय, तिकीट काढतोय, आणि अण्णांची मूठ माझ्या शर्टावरून